स्ट्रॉबेरीच्या तोडणीत साळुंकीला आवरा, मारू नका

सुरगाणा तालुक्यात बोरगाव, घोडांबे, हतगड भागात पावसाळा सरताना लावलेली स्ट्रॉबेरी आता तोडणीला आली आहे. सकाळी वाफ्यावर गेलात की लाल अंगाला चोच मारून अर्धवट टाकलेली फळे दिसतात. हे काम बहुधा साळुंकी आणि बुलबुलाचे.

जगातल्या 100 घातक आक्रमक जातींच्या प्रसिद्ध यादीत पक्षी तीनच आहेत. त्यांतले दोन म्हणजे आपली साळुंकी आणि लालबुड्या बुलबुल. पण ते घातक ठरले परमुलखात. 1762 मध्ये टोळांचा बंदोबस्त करायला साळुंक्या भारतातून मॉरिशसला नेल्या. 1865 मध्ये हवाई बेटांवर लष्करी अळीसाठी सोडल्या. तिथे त्यांनी घाणेरीची फळे खाऊन तिचे बी रानोमाळ पसरवले. सुरगाण्यात साळुंकी घरचीच. पाहुणी आहे ती स्ट्रॉबेरी. म्हणून राखण हवी ती फक्त फळ पिकण्याच्या दिवसांत.

- फळ पाऊण लाल झाले की भल्या पहाटे तोडा. पूर्ण लाल होण्याची वाट पाहिलीत तर पहिली तोडणी पाखरांची.
- चोचावलेली, सडकी फळे मल्चिंगवर ठेवू नका. रोज वेचून खड्ड्यात पुरा.
- पक्षीरोधक जाळी झाडांना न टेकवता खुंट्यांवर ताणून बांधा आणि कडा मातीत दाबा. सैल जाळीत पक्षी आणि सापही अडकतात. दिवसातून एकदा फेरी मारा.
- जाळी परवडत नसेल तर चकाकणारी फीत पीळ देऊन वाफ्यांवर ताणा. फीत असो वा बुजगावणे, दोन-चार दिवसांनी जागा बदला. पाखरे लवकर सरावतात.
- बांधावरची घाणेरी फळे धरण्याआधी मुळासकट काढा.
- विषारी आमिष किंवा फासे लावू नका. विष कोंबड्या-कुत्र्यांच्याही पोटात जाते, आणि या पक्ष्यांना मारणे, पकडणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

हंगाम संपला की जाळी गुंडाळून ठेवा. जूनमध्ये भात-नागलीच्या नांगरटीला हीच साळुंकी औतामागे चालत हुमणी आणि अळ्या वेचेल, आणि त्या कामाची मजुरी ती मागणार नाही.