टेकूखालची पाचर

मालवण,
आषाढ वद्य नवमी

चि. मधुकर यास नानाकाकाचे अनेक आशीर्वाद. उपरि विशेष.

तुझे गेल्या पंधरवड्याचे कार्ड पोचले. 'येथे सर्व क्षेम, काम भरपूर, काळजी नसावी' एवढाच मजकूर त्यात असल्यामुळे तुझ्या आईचे समाधान झाले होते आणि मीही निश्चिंत होतो. परंतु पावसाळ्यात जलमार्ग बंद असल्याने रत्नागिरीहून मोटारीने परतलेला आपल्या वाडीतला तांडेल काल दिवेलागणीस ओटीवर येऊन बसला आणि बोलता बोलता सांगून गेला, की तू सलग तीन रात्री कंदिलाच्या उजेडात मचव्याच्या फळ्या तासत होतास, तिसऱ्या रात्री वाकस निसटून तुझ्या डाव्या घोट्याखाली बसला, आणि तू पंचाची चिंधी बांधून पुन्हा कामास लागलास. सांगताना त्याच्या स्वरात कौतुक होते. वहिनी माजघरात होत्या, त्यांच्या कानी काही गेले नाही, आणि मीही अद्याप त्यांना सांगितलेले नाही. नारळी पौर्णिमेची मुदत, होड्या पाण्यात लोटण्याची घाई, मालकांचा तगादा, हे सर्व मी जाणतो. तरी रात्रीचे काम तू थांबवलेस की नाही, याचा खुलासा मला प्रथम हवा आहे.

वाकस हे हत्यार कसे चालते, हे तुला मी सांगावे असे नाही. करवत अंगापासून दूर जाते, रंधा पुढे पळतो; वाकसाचा मात्र प्रत्येक घाव कारागिराच्या स्वतःच्याच पायाकडे येतो आणि चार बोटे अलीकडे थांबतो. ती चार बोटे राखणारा हात थकला म्हणजे काय होते, हे तू आता अनुभवाने जाणतोस. त्यातून तुझ्या हाती आहे तो आबांचा वाकस, ज्याची धार ते रोज संध्याकाळी स्वतः लावीत आणि घरात दुसऱ्या कोणास शिवू देत नसत. तो तुला दिला तेव्हा तुझ्या आईने देवापुढे ठेवून मग तुझ्या हातावर ठेवला होता. हे तू विसरलास असे मी म्हणत नाही. पण तीन रात्री जागलेल्या माणसाने तो उचलावा हा शुद्ध अविचार होय, आणि जखम लपवून घरी 'सर्व क्षेम' लिहिणे हा त्याहूनही मोठा कसूर होय.

परंतु माझी झोप उडवली ती पायाच्या जखमेने नव्हे. तांडेल आणखी एक गोष्ट सांगून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्या मेस्त्रींनी तळच्या फळ्या तपासल्या, तेव्हा एका सांध्यात हातभर लांब कापूस भरलेलाच नव्हता. वर डांबर मात्र व्यवस्थित फिरवलेले होते. त्यांनी तुला विचारले, आणि 'तो मी भरला होता, मोगरीने ठासल्याचे मला आठवते' असे तू शपथेवर सांगितलेस. लोकांनी ती तुझी लबाडी मानली असेल. मला तुझ्या शब्दाबद्दल तिळमात्र शंका नाही, आणि म्हणूनच मी इतका भ्यालो आहे. का, ते आज लिहितो; आजवर हे मी कोणासही सांगितलेले नाही, तुझ्या वडिलांनासुद्धा नाही.

आबांच्या उजव्या हाताची दोन बोटे कशी गेली, ही हकीकत तू लहानपणापासून ऐकलेली आहेस. मचवा कलला, आबांना हात काढायला उशीर झाला, चूक त्यांची स्वतःची. घरात हीच हकीकत सांगितली जाते, कारण आबांनी ती अशीच सांगितली. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. मंगळुरी कौलांनी भरायचा एक मचवा तळाशी गळत होता आणि तो दुसऱ्या दिवशी निघायचा होता. आम्ही दिवसभर दुसऱ्या होडीच्या नाळेवर काम केलेले. तरी आबांनी बयाणा घेतला होता म्हणून खाडीच्या पुळणीवर तो मचवा ओहोटीत बसवला. वद्य षष्ठीची तिथी. तिथीला तीनाने गुणून चाराने भागले की भरतीचा तास निघतो, हा हिशेब तू जाणतोसच. भरती दुपारी साडेचारला, पाणी रात्री साडेदहाच्या सुमारास तळाला, आणि पहाटे पुन्हा चढणार. कामाला मिळाले ते मधले पाच तास. मचवा उभा राहावा म्हणून दोन्ही अंगांना टेकू होते, आणि प्रत्येक टेकूखाली पाचर ठोकण्याचे काम माझे होते.

मी चारी पाचरी ठोकल्या, असे मला स्पष्ट आठवत होते. हातोड्याचा आवाज आठवत होता, ओल्या वाळूत पाचर रुतल्याचे आठवत होते. आबांनी विचारले, 'झाले?' मी म्हणालो, 'झाले.' प्रत्यक्षात तीनच ठोकलेल्या होत्या. चौथीची म्हणून जी आठवण होती, ती तिसरीचीच होती. एकच क्रिया दिवसभर शंभर वेळा करणाऱ्या हाताला पुढे तिच्यातली कोणती झाली आणि कोणती राहिली हे उमगत नाही, आणि मन आपल्या सोयीची आठवण पुढे करते. तुझ्या सांध्यातला कापूस आणि माझी ती पाचर यांत मला काहीही अंतर दिसत नाही.

टेकू सरकला. आबांनी ओरडण्याआधी मला बाजूला ढकलले.

पुढे कोणी विचारले की ते म्हणत, 'माझाच हात घसरला.' जखम भरल्यावर ते मला एकदा वाघोटनच्या खाडीवर घेऊन गेले. विजयदुर्गच्या आरमाराची गलबते जिथे दुरुस्तीस येत, ती खडक फोडून केलेली जुनी गोदी त्यांनी दाखवली, तिच्या काठावर बसून भाकरी खाल्ली, आणि पाणी चढू लागल्यावर म्हणाले, 'इथेसुद्धा भरती आली की काम तहकूब होत असणार.' पाचरीबद्दल त्या दिवशी नाही, पुढे कधीही नाही, एक शब्द बोलले नाहीत. मी मात्र वर्षाच्या आत बंदर कचेरीत कारकुनी धरली. अक्षर वळणदार म्हणून नोकरी मिळाली असे लोक म्हणत. खरे कारण एवढेच, की त्यानंतर आबांच्या हाताकडे पाहत मला मोगरी धरवेना. बाळा, ती विद्या माझ्या हातून गेली ती गेलीच. आपल्या घरात ती आता फक्त तुझ्याकडे आहे.

वाळलेल्या सांध्यात कापूस कमी पडला तर पाणी येते, आणि फाजील ठासला तर फळी पाण्यात फुगल्यावर तिला जागा न उरून खिळ्यांवर ताण बसतो; हे माप डोळ्यांना नव्हे, बोटांना कळते, आणि तुझ्या बोटांना ते आबांसारखे कळते असे थोरले मेस्त्रीच म्हणाले, हेही तांडेलानेच सांगितले. तेव्हा मी रागावलो आहे असे समजू नकोस. रागावलो होतो, काल रात्री. आज सकाळपासून तू लहानपणी पडवीत बसून नारळाच्या पोयीची होडी करीत होतास, तेच डोळ्यांपुढे आहे.

रात्रीच्या कामाचे जादा पैसे तू सुशीच्या लग्नासाठी साठवतोस, हे मला ठाऊक नाही असे नाही. त्याची तजवीज मी केली आहे. माझ्या पेन्शनीतून काही रक्कम पोस्टात वेगळी ठेवलेली आहे. मालकास सांग की दिवे लागल्यावर काम करण्यास काकांनी मना केले आहे. दूषण मला लागू दे. आणि जो सांधा पुरा होईल त्यावर कोळशाची रेघ ओढ, म्हणजे आठवणीवर विसंबावे लागणार नाही. सकाळी दुसऱ्याच्या हातून तो तपासून घे. त्यात कमीपणा नाही. आबांनी तपासून घेतले असते तर, हा विचार मी इतकी वर्षे करतो आहे.

जखमेवर नुसती हळद पुरेशी नाही. हे पत्र मिळताच सरकारी दवाखान्यात जाऊन धनुर्वाताची सुई टोचून घे. तांडेल परवा परत निघेल, त्याच्याबरोबर वहिनींनी केलेले मेतकूट आणि आबांचा जुना कांबळा पाठवतो. त्यांना सांगितले आहे की तिकडे पाऊस फार आहे. जखम किती खोल आहे, पाय टेकतो की नाही, ते कार्डावर नको, पाकिटात लिही आणि माझ्या नावे पाठव. मी रोज टपालाच्या वेळी दारात असतो.

तुझा,
नानाकाका