रामगंगा : झरे, वन्यजीव आणि पर्यटन

उत्तराखंडातील दूधातोली पर्वतरांगेत उगम पावणारी रामगंगा हिमनदीतून निघत नाही. पावसाळा सरल्यावर तिचा प्रवाह प्रामुख्याने डोंगरातील झऱ्यांवर टिकून राहतो. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या देशातील पहिल्या, म्हणजेच आजच्या कॉर्बेट राष्ट्रीय उद्यानातून ती वाहते. सुसरी, मगरी, पाणमांजरे व महासीर मासे तिच्या आश्रयाने जगतात. उन्हाळ्यात ढिकालाच्या गवताळ प्रदेशात हत्तींचे कळप जमतात व ते पाहण्यास पर्यटकही येतात. म्हणजेच नदी सर्वांत क्षीण असते, तेव्हाच तिच्यावरील भार वाढतो.

मात्र या झऱ्यांना पाणी पुरविणारे बरेचसे पुनर्भरण क्षेत्र उद्यानाबाहेर, वरच्या गावांच्या शेतांत व वनांत आहे. खडकांच्या थरांच्या उतारानुसार ते शेजारच्या खोऱ्यातही असू शकते. निती आयोगाच्या २०१८ मधील अहवालानुसार भारतीय हिमालयातील सुमारे निम्मे झरे आटत आहेत. सिक्कीमने २००८ पासून ‘धारा विकास’ कार्यक्रमांतर्गत उतारांवर चर खोदून पाणी जिरविले व अनेक झरे पुनरुज्जीवित केले.

सारांश, केवळ उद्यानाची सीमा राखून नदी वाचत नाही. झरे जपणाऱ्या गावांना पर्यटनाच्या उत्पन्नात वाटा मिळाला, तरच संवर्धन शाश्वत ठरेल.