सेंद्रिय रसायन आणि उदाहरणांचा सराव

सोनपेठच्या परिसरांत गोदावरीच्या कांठीं उसाचे मळे आहेत. उसाच्या रसापासून साखर काढल्यावर जी मळी मागें राहते, ती आंबवून इथेनॉल, म्हणजे मद्यार्क, तयार करतात. त्याच्या एका रेणूंत कार्बनचे दोन, हायड्रोजनचे सहा व ऑक्सिजनचा एक इतके अणु असतात. नेमके इतकेच अणु असलेला दुसराहि एक पदार्थ आहे. त्यास डायमिथिल ईथर म्हणतात. पहिला द्रव असून ७८ अंश सेल्सियसला उकळतो. दुसऱ्याचा उत्कलनबिंदु शून्याखालीं सुमारें २४ अंश असल्यामुळें तो एरव्हीं वायुरूपच असतो. सामग्री एक, मांडणी निराळी, म्हणून गुणहि निराळे! अशा पदार्थांस समघटक म्हणतात.

मांडणीचें हें शास्त्र घोकून येत नाहीं. चार कार्बनांच्या ब्युटेनच्या रचना दोन, पांचांच्या पेंटेनच्या तीन, सहांच्या हेक्झेनच्या पांच. आणि दहा कार्बनांच्या डेकेनच्या तर पंचाहत्तर! घोकणार तरी किती? आम्हीहि विद्यार्थिदशेंत सारें पुस्तक पाठ केलें होतें. परीक्षेंत प्रश्न जरासा फिरवून आला, आणि पाठ केलेलें एकहि वाक्य उपयोगीं पडलें नाहीं. आपण मंदबुद्धि आहों असें वाटून विज्ञान सोडण्याचा विचारहि मनांत आला. दोष बुद्धीचा नव्हता. अभ्यासाच्या रीतीचा होता.

एक उदाहरण घेऊं. एका पदार्थाच्या रेणूंत कार्बनचे चार, हायड्रोजनचे दहा व ऑक्सिजनचा एक अणु आहे. शिक्षकांनीं त्यांत सोडियमचा तुकडा टाकतांच हायड्रोजन निघाला. परंतु आम्लयुक्त पोटॅशियम डायक्रोमेटचा नारिंगी रंग त्यानें पालटला नाहीं. तो पदार्थ कोणता?

प्रथम सर्व रचना कागदावर काढाव्या. कार्बनला चार हात, ऑक्सिजनला दोन, हायड्रोजनला एक, एवढाच नियम. नवशिका विद्यार्थी आठ-नऊ आकृत्या काढतो. मग ताडून पाहतां त्यास कळतें कीं, वांकवून अथवा उलटी लिहिलेली सांखळी ही नवी रचना नव्हे. खऱ्या रचना सातच: चार अल्कोहोल व तीन ईथर. सोडियमनें हायड्रोजन निघाला, म्हणून ईथर वगळले. उरलेल्या चार अल्कोहोलांपैकीं तिघांचें ऑक्सिडीकरण सहज होतें. चौथ्यांत ऑक्सिजन ज्या कार्बनास जोडलेला आहे, त्याचे बाकीचे तिन्ही हात कार्बनांनींच धरलेले असतात. तेथें हायड्रोजन नाहीं, म्हणून तें होत नाहीं. तोच आपला पदार्थ, तृतीयक ब्युटिल अल्कोहोल. एका उदाहरणांत तीन धडे पक्के झाले.

आतां सरावाची रीत सांगतों. धडा समजून वाचावा व पुस्तक मिटावें. रोज चार-पांच उदाहरणें स्वतःच्या हातानें सोडवावीं. अडलें तरी निदान पाव घटका झगडल्यावांचून उत्तर पाहूं नये. चुका निराळ्या वहींत टिपाव्या, आणि चुकलेलें उदाहरण आठ दिवसांनीं पुन्हां करावें. आकृति डोळ्यांपुढें उभी राहत नसेल, तर चिकणमातीचे गोळे व ज्वारीच्या धाटाच्या काड्या घेऊन रेणु बनवावा. त्यास पैसा लागत नाहीं. तालमीचें वर्णन वाचून कोणी मल्ल झाला आहे काय?

पालकांसहि आमची विनंती आहे. "किती पानें पाठ झालीं?" असें न विचारतां, "आज कोणतें उदाहरण चुकलें, आणि कां?" असें विचारावें. चूक सांगतांना मुलास भय वाटूं नये. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग १९३३ सालीं स्थापन झाला. तेथें शिकलेले डॉ. बाळ दत्तात्रेय टिळक हे सेंद्रिय रसायनाचे संशोधक पुढें १९६६ ते १९७८ पर्यंत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते. अशा संस्थांची वाट आमच्या गांवच्या बांकावरूनहि निघते; मात्र पहिल्या चुकलेल्या आकृतीपाशीं थांबतां कामा नये.

आतां बालमित्रांनो, कार्बनचे तीन, हायड्रोजनचे आठ व ऑक्सिजनचा एक अणु घ्या. त्यांच्या रचना किती? उत्तर आम्ही येथें देत नाहीं. पान उलटण्यापूर्वीं पेन्सिल हातीं घ्या.