यष्टिरक्षकाचा शोध

गेल्या हिवाळ्यांत वर्गावर्गांचे क्रिकेटचे सामने चालू असतां एक लहानसा प्रसंग घडला. आमच्या वर्गाच्या यष्टिरक्षकाच्या हातून एक सोपा झेल सुटला. मैदानाभोवतीं हशा पिकला, आणि पुढील षटक सुरू होण्यापूर्वींच आम्हीं त्याचे हातमोजे काढवून दुसऱ्या मुलास दिले. दुसऱ्याच्या हातूनही झेल सुटला; मग तिसरा आला. सामना तर आम्ही गमावलाच; परंतु त्याहून वाईट गोष्ट ही कीं, तो पहिला मुलगा पुन्हां मैदानाकडे फिरकला नाहीं. निर्णय आमचा होता. तो योग्य होता काय, याचा विचार करितां करितां हा लेख लिहिण्याची बुद्धि झाली.

प्रथम यष्टिरक्षकाचें काम काय तें पाहूं. त्याच्यापुढें २८ इंच उंच व ९ इंच रुंद अशा तीन यष्ट्या; त्यांच्यापुढें फलंदाज; आणि २२ यार्डांवरून येणारा साडेपांच ते पावणेसहा औंसांचा कठीण चेंडू. फलंदाज आड आल्यामुळें चेंडू पुष्कळदां शेवटच्या क्षणींच दिसतो. कसोटी सामन्यांत दिवसाला ९० षटकें टाकावयाचीं, म्हणजे ५४० चेंडू. तितक्या वेळां त्यानें बसावें व उठावें. आमच्या जालन्याच्या बाजूस तर मुरमाच्या मैदानावर एक चेंडू घोट्याशीं राहतो व दुसरा छातीशीं उसळतो. इतकें करूनही पाणी भरून आणणाऱ्याची आठवण जशी घागर फुटल्यावरच व्हावी, तशी याची आठवण झेल सुटल्यावरच होते.

भरवशाचा यष्टिरक्षक मिळणें किती कठीण, हें आपल्या देशाच्या क्रिकेटच्या इतिहासावरून स्पष्ट दिसतें. १९३२ सालीं लॉर्ड्सच्या मैदानावर भारताचा पहिला कसोटी सामना झाला. त्यांत यष्टिरक्षण जनार्दन नवले यांनीं केलें, आणि डावाची सुरुवातही त्यांनींच केली. पुढें १९३६ सालीं इंग्लंडमध्यें तीन कसोटी सामने झाले आणि तिन्हींत तीन निरनिराळे यष्टिरक्षक उभे राहिले: पहिल्यांत दत्ताराम हिंदळेकर, दुसऱ्यांत मेहेरहोमजी, तिसऱ्यांत दिलावर हुसेन. त्यांतील हिंदळेकर दहा वर्षांनीं, १९४६ सालीं, पुन्हां इंग्लंडला गेले, तेव्हां मात्र तिन्ही सामने त्यांच्याच हातीं सोंपविले होते. मँचेस्टरला शेवटच्या जोडींत सोहोनींसह १३ मिनिटें टिकून त्यांनीं पराभवही टाळला. ज्यास एका सामन्यानंतर दुसरा मिळाला नव्हता, तोच माणूस सदतिसाव्या वर्षीं उपयोगी पडला!

१९५१-५२ सालीं हाच प्रकार पुन्हां घडला. इंग्लंडविरुद्धच्या एकाच मालिकेंत नाना जोशी, माधव मंत्री व प्रबीर सेन असे तिघे खेळले. त्या मालिकेच्या मद्रासच्या सामन्यांत विनू मंकड यांच्या गोलंदाजीवर सेन यांनीं पहिल्या डावांत चार फलंदाज यष्टिचीत केले, आणि भारतानें कसोटींतला आपला पहिला विजय मिळविला. पुढें १९५५ सालीं मुंबईचे नरेन ताम्हाणे आले. त्यांनीं २१ कसोट्यांत ३५ झेल घेतले व १६ फलंदाज यष्टिचीत केले.

तिसरा शोध आमच्या वाचकांच्या पालकांस आठवत असेल. १९९९ च्या अखेरीपासून २००५ च्या अखेरीपर्यंत, नयन मोंगिया यांच्याखेरीज, प्रसाद, दहिया, करीम, दिघे, दासगुप्ता, रात्रा, पटेल व कार्तिक असे आठ गडी कसोटींत आजमावले गेले. त्यांतील मुंबईच्या समीर दिघे यांनीं २००१ सालीं चेन्नईस ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद २२ धांवा करून दोन गडी राखून विजय मिळवून दिला. तरी त्यांच्या वांट्यास एकंदर सहाच कसोट्या आल्या. पार्थिव पटेल तर अवघ्या सतराव्या वर्षीं उभा केला गेला. डिसेंबर २००५ मध्यें महेंद्रसिंग धोनी आले, आणि ९० कसोट्यांत २९४ बळी घेईपर्यंत तें स्थान त्यांचेंच राहिलें.

असें कां होतें? एक कारण उघड आहे. दोन विद्या एकाच अंगीं हव्यात, झेलही घ्यावे आणि धांवाही कराव्या, असा आग्रह असतो. २००३ च्या विश्वचषकांत राहुल द्रविड यांच्यासारख्या फलंदाजास हातमोजे घालावयास लाविले, तें याच हेतूनें. परंतु दुसरें कारण अधिक खोल आहे, आणि तें गणिताचें आहे.

समजा, राम दहांपैकीं नऊ झेल घेतो व श्याम दहांपैकीं आठ घेतो. दोघांत राम निश्चित चांगला. प्रत्येकास एका सामन्यांत पांच झेल आले असें धरूं. पांचही झेल घेण्याचा रामाचा संभव ०.९ चा पांचवा घात, म्हणजे सुमारें ०.५९, श्यामाचा ०.८ चा पांचवा घात, म्हणजे सुमारें ०.३३. याचा अर्थ असा कीं, शंभर सामन्यांपैकीं सुमारें ४१ सामन्यांत चांगल्या रामाच्या हातूनही निदान एक झेल सुटेल, आणि सुमारें ३३ सामन्यांत कच्चा श्याम निर्दोष ठरेल! एक सामना पाहून निवड करणारा रामास घरीं पाठवून श्यामास ठेवील, आणि पुढल्या सामन्यांत श्यामासही काढील. शोध संपत नाहीं तो याचमुळें.

हा अनुभव केवळ आपलाच नव्हे. अमेरिकेंतील फुटबॉल हा खेळ आपल्या फुटबॉलहून निराळा. त्यांत दोन उभ्या खांबांमधून व आडव्या दांड्यावरून लाथेनें चेंडू पार केल्यास तीन गुण मिळतात, आणि या कामासाठीं संघांत बहुधा एकच गडी असतो. यष्टिरक्षकाप्रमाणेंच त्यासही संधि थोड्या, आणि चूक झाली तर ती साऱ्यांच्या डोळ्यांपुढें. २०१६ सालीं टॅम्पा बे येथील संघानें रॉबर्टो अग्वायो या महाविद्यालयीन गड्यास निवडीच्या दुसऱ्याच फेरींत घेतलें. असा मान या जागेच्या गड्यास क्वचितच मिळतो. पहिल्या हंगामांत ३१ प्रयत्नांपैकीं २२ च साधले, आणि पुढील हंगाम सुरू होण्यापूर्वीं त्याला निरोप मिळाला. उलट ॲडम विनाटिएरी यास त्या वार्षिक निवडींत कोणींच घेतलें नव्हतें. तो १९९६ पासून २०१९ पर्यंत खेळला व २६७३ गुण मिळवून त्या खेळांतील सर्वांत अधिक गुण मिळविणारा ठरला. भरवसा हा गुण निवडीच्या दिवशीं दिसत नाहीं. तो वर्षानुवर्षांच्या खेळांतूनच सिद्ध होतो.

याचा अर्थ दोषाकडे डोळेझाक करावी असा नव्हे. जो सराव करीत नाहीं, त्यास जागा नाहीं. भिंतीवर चेंडू आपटून रोज शंभर वेळां दोन्ही हातांनीं झेलावा. चेंडू उसळेपर्यंत उठूं नये. हात चेंडूकडे हिसकून न नेतां त्याबरोबर थोडे मागें घ्यावे. मोजणीची वहीही ठेवावी: आलेले किती, घेतलेले किती. वीस-पंचवीस सामन्यांची वही जें सांगेल, तें एका दिवसाचा हशा कधींच सांगणार नाहीं.

पालकांसही एक विनंति आहे. जालन्याचा विजय झोल २०१४ सालीं १९ वर्षांखालील विश्वचषकांत भारताचा कर्णधार होता. तेव्हां आपल्या मुलानें फलंदाज व्हावें, अशी घरोघरीं इच्छा असल्यास नवल नाहीं. परंतु संध्याकाळीं मुलगा घरीं आल्यावर "किती धांवा केल्यास?" एवढेंच विचारूं नये, "किती चेंडू अडविलेस?" हेंही विचारावें.

आमची चूक आम्हांस कळली आहे. त्या मुलाच्या घरीं आम्ही जाऊन आलों. येत्या हिवाळ्यांत ते हातमोजे त्याच्याच हातीं असतील, आणि संबंध हंगामभर असतील. झेल सुटतील, आम्ही ते वहींत लिहूं.