होळकरांचे एक कोटी आणि पाताळपाणीचा घाट

पहाडी रेल्वे म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर स्वित्झर्लंड येते. निळे सरोवर, काठावर टुमदार गाव, धक्क्यावर बोट, आणि गावामागच्या डोंगरावर चढत जाणारी छोटी गाडी. सकाळी एका सरोवराकाठून निघावे, दुपारी शिखरावर जेवावे आणि पलीकडच्या उताराने दुसऱ्या सरोवराकाठी संध्याकाळी पोहोचावे, ही तिकडची प्रसिद्ध एकदिवसीय सहल. मी स्वित्झर्लंड पाहिलेले नाही. परंतु गेल्या पावसाळ्यात मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात नालछा या गावी मावशीकडे गेलो असता तलाव आणि पहाडी रेल्वे या दोन्ही गोष्टी एकाच दिवसात पाहण्याचा योग आला. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्यामुळे असेल, समोर धबधबा कोसळत असतानाही डोक्यात जमाखर्चच चालू होता. तो जमाखर्च येथे मांडतो.

नालछा हे धारहून मांडवगडला, म्हणजे मांडूला, जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. धार हे पवारांचे संस्थान, शेजारचे इंदूर होळकरांचे. त्यामुळे या मुलखात मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांच्या मराठीला माळव्याचा हेल आहे आणि तो कानाला गोड लागतो. गावात रेल्वे नाही. तलाव मात्र या पट्ट्यात जागोजाग आहेत. पहाटे आम्ही प्रथम मांडूला गेलो आणि सागर तलावाच्या काठी उजाडताना पाहिले. मांडूच्या पठारावर मोठी नदी नाही, म्हणून सुलतानांनी पावसाचे पाणी अडवून तलाव बांधले. मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्या मधोमध जहाज महाल उभा आहे तो असा की पावसाळ्यात तो खरोखरच पाण्यात नांगरलेला वाटावा. आल्प्समधील सरोवरे हिमनद्यांनी कोरली, मांडूची माणसांनी खणली. एवढा एक फरक सोडला तर चित्र तेच. मग जीपने पीथमपूरमार्गे महू गाठले. महूच्या स्थानकाला आता डॉ. आंबेडकर नगर असे नाव आहे. बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली येथेच झाला. तेथून थोड्या अंतरावर पाताळपाणी. माळव्याचे पठार येथे एकदम संपते आणि खाली निमाड सुरू होतो. या कड्यावरून कालाकुंडपर्यंत सुमारे दहा किलोमीटर घाट उतरणारी मीटरगेज गाडी हाच माझा विषय.

आधी थोडा इतिहास पाहू, कारण तारखांचा योगायोग मोठा मौजेचा आहे. स्वित्झर्लंडमध्ये ल्युत्सर्न सरोवराच्या काठी फिट्सनाऊ नावाचे गाव आहे. तेथून रिगी पर्वतावर जाणारी रेल्वे २१ मे १८७१ रोजी सुरू झाली. युरोपातील ही पहिली दातेरी पहाडी रेल्वे. तिचा अभियंता निक्लाउस रिगेनबाख. लोक रिगीवर सूर्योदय पाहण्यास पायी, घोड्यावर किंवा पालखीत बसून जातच होते. त्यांना गाडीत बसवले तर पैसे मिळतील हा सरळ व्यापारी हिशेब. हिशेब इतका बरोबर ठरला की पलीकडच्या त्सुग सरोवराच्या बाजूने, आर्थ गावाकडून, दुसऱ्या कंपनीने १८७५ मध्ये आपली गाडी आणली. गंमत अशी की शिखराजवळचा तुकडा या दुसऱ्या कंपनीच्या हद्दीत होता. तिने तो १८७३ मध्येच बांधून पहिल्या कंपनीला भाड्याने दिला. म्हणजे स्वतःची गाडी धावण्यापूर्वी दोन वर्षे प्रतिस्पर्ध्याकडून भाडे सुरू! या दोन कंपन्या एक व्हायला १९९२ साल उजाडले.

आता आपल्याकडे या. १८७० साली मुंबईहून खंडवा, जबलपूर करीत कलकत्त्यास जाणारा लोहमार्ग जोडला गेला. माळव्याचा कापूस आणि अफू मुंबईस जात असे, पण मुख्य मार्ग खाली निमाडात आणि माल वर माळव्यात. मध्ये विंध्याचा घाट. त्याच १८७० साली इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर यांनी ब्रिटिश सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ देऊ केले. अट अशी की खंडव्याहून इंदूरला रेल्वे आणावी. मुदत १०१ वर्षे, व्याज दरसाल दर शेकडा साडेचार.

वाचकहो, येथे क्षणभर थांबून पाटी-पेन्सिल घ्या. एक कोटीवर साडेचार टक्के म्हणजे वर्षाला साडेचार लाख. १०१ वर्षांचे सरळ व्याज चार कोटी चोपन्न लाख पन्नास हजार. चक्रवाढ लावू नका, आकडा पाटीवर मावणार नाही. सामान्यतः रेल्वेच्या इतिहासात आपण वाचतो ते इंग्रज भागधारकांचे भांडवल आणि त्यांना भारतीय तिजोरीतून दिलेली पाच टक्के व्याजाची हमी. येथे उलटे आहे. भांडवल एतद्देशीय राजाचे आणि ऋणको इंग्रज सरकार! ग्वाल्हेरच्या जयाजीराव शिंद्यांनीही इंदूर ते नीमच मार्गासाठी पंचाहत्तर लाख दिले, पण चार टक्क्यांनी. अर्ध्या टक्क्याचा फरक क्षुल्लक वाटेल, परंतु पंचाहत्तर लाखांवर तो वर्षाला साडेसदतीस हजारांचा होतो. माझ्या मते या दोघा सावकारांत होळकर अधिक हिशेबी. तरीही मुदतीबाबत काळाने कोणाचीच पर्वा केली नाही. १८७० मध्ये १०१ मिळवले की १९७१ येते. तोवर संस्थाने विलीन होऊन बरीच वर्षे लोटली होती, आणि त्याच १९७१ च्या अखेरीस घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखेही बंद झाले.

रेल्वे मात्र झाली. खंडवा ते सनावद हा पहिला टप्पा १८७४ मध्ये उघडला. नर्मदेवर प्रत्येकी १९७ फुटांच्या चौदा गाळ्यांचा पूल १८७६ मध्ये पुरा झाला. घाटाच्या नऊ मैलांत चार बोगदे लागले. त्यांची लांबी मिळून ५१० यार्ड. पुढे १८८१-८२ मध्ये होळकर आणि शिंदे यांचे मार्ग एकत्र होऊन राजपुताना-माळवा रेल्वे झाली.

या घाटाचा चढ चाळीस फुटांस एक फूट. हा आकडा ऐकायला सौम्य वाटतो, म्हणून उलगडून सांगतो. सपाट रुळावर एक टन वजन ओढण्यास साधारण चार-पाच किलोची ओढ पुरते. चाळिसास एक चढावर त्यात एक टनाचा चाळिसावा भाग, म्हणजे पंचवीस किलो, अधिक लागतात. सपाटीवर वीस डबे सहज नेणारे इंजिन येथे तीन-चार डब्यांतच धापा टाकू लागते. म्हणून खालून वर येणाऱ्या गाडीला कालाकुंडला मागून ढकलणारे दुसरे इंजिन जोडीत. आपल्याकडच्या कॅसलरॉकच्या घाटात चढ सदतिसास एक आहे आणि तेथेही हीच पद्धत. आपल्यापैकी जे गोव्याला रेल्वेने गेले आहेत त्यांनी ते पाहिले असेल. (कन्नड विभागातील मित्र घाटाला ‘घट्ट’ म्हणतात. इंजिनाची अवस्था पाहता मराठी अर्थानेही तो शब्द येथे चपखल बसतो.) रिगीवर चढ चारास एक. तेथे टनाला अडीचशे किलोची भर पडते. गुळगुळीत पोलादी चाकाची पकड आपल्या वजनाच्या फार तर चौथ्या हिश्शाइतकी. ती सगळी इंजिनाला स्वतःला वर नेण्यातच संपते, डब्यांसाठी शिल्लक काही उरत नाही. म्हणून रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी आणि इंजिनाखाली दातेरी चाक. आपल्या देशात ही पद्धत निलगिरीच्या रेल्वेत आहे.

मीटरगेजचा एक तोटा येथे नोंदवला पाहिजे. खंडव्याचा मुख्य मार्ग ब्रॉडगेज, त्यामुळे वरून आलेला प्रत्येक नग तेथे उतरवून दुसऱ्या वाघिणीत चढवावा लागे. हमाली, वेळ, नासधूस. बांधकामात वाचलेला पैसा पिढ्यान्‌पिढ्या खंडव्याच्या फलाटावर खर्च होत राहिला. एकविसाव्या शतकात गेजबदल आला तो याच कारणाने. रुंद रुळांसाठी घाटाला वळसा घालून कमी चढाचा नवा मार्ग आखला गेला. चढ निम्मा करायचा तर तीच उंची गाठण्यास लांबी दुप्पट लागते, हे उघड आहे; पण मालगाडीला ते परवडते. जुन्या घाटात २५ डिसेंबर २०१८ पासून पर्यटकांसाठी ‘हेरिटेज’ गाडी सुरू झाली. २०२३ च्या आरंभी महू ते ओंकारेश्वर रोड ही रोजची गाडी बंद पडली, आणि पाताळपाणी ते कालाकुंड एवढाच तुकडा या पर्यटक गाडीसाठी राहिला.

आम्ही बसलो ती हीच. काचेच्या मोठ्या खिडक्यांचे वातानुकूलित डबे आणि साधे डबे असे दोन वर्ग. भाड्यात दहापटीहून अधिक अंतर. मी साध्या डब्यात बसलो आणि मला तोच बरा वाटला, कारण बोगद्यातला गारवा आणि ओल्या मातीचा वास काचेतून येत नाही. पाताळपाणीला रुळांजवळ टंट्या भिल्लाचे देऊळ आहे. इंग्रजांनी त्याला १८८९ मध्ये जबलपूरला फाशी दिले. त्याच्या मानासाठी गाडी येथे थांबते अशी प्रथा आहे. पुढे धबधब्यासमोर गाडी मुद्दाम उभी करतात. मग बोगदे, वळणे, खाली चोरल नदी. लोक मोबाईल बाहेर काढून उभे होते आणि गार्डसाहेब प्रत्येकाला हात आत घ्या म्हणून बजावीत होते.

कालाकुंड म्हणजे घाटाच्या पायथ्याचे लहानसे स्थानक. येथला कलाकंद प्रसिद्ध आहे. पळसाच्या पानावर ठेवून देतात. मी पाव किलो घेतला आणि विकणाऱ्या बाबांना सहज विचारले, “बाबा, आता तर शहरातली मंडळी येतात, धंदा वाढला असेल?” ते हसले. त्यांचे म्हणणे मराठीत देतो : “बेटा, गाडी येते त्या दिवशी घमेली रिकामी होतात. पण गाडी यायची आठवड्यात दोन-चार दिवस, तीही पावसाळ्यात. म्हशीला हे कोण सांगणार? ती दूध रोज देते.”

अर्थशास्त्राच्या तासाला नाशवंत मालाचा पुरवठा आम्ही आलेख काढून शिकलो होतो. तो आलेख मला त्या फलाटावर समजला. रोज दोनशे रुपयांची विक्री आणि एका दिवशी चौदाशेची, आठवड्याची बेरीज एकच. परंतु पहिल्या बेरजेत रोजचे दूध खपते आणि दुसऱ्या बेरजेत सहा दिवसांचे नासते किंवा मिळेल त्या भावाने द्यावे लागते.

नालछ्याला परतल्यावर हे मावशीला सांगितले. ती लग्नानंतर पहिल्यांदा बेळगावला माहेरी आली ती महूहून याच गाडीने, खंडव्याला गाडी बदलून. ती म्हणाली, “अरे, तुमच्याकडे लाल एस्टी असते ना, तशी ती आमची गाडी. दूधवाले, शाळेची पोरं, ओंकारेश्वरचे यात्रेकरू, सगळे त्यातच. घाट बघायला कोण बसायचं? आम्ही तर घाट आला की खिडकी लावून झोपायचो.” काका म्हणाले की तोट्यात चालणारी गाडी किती दिवस चालवणार. दोघांचेही खरे आहे, आणि माझ्या मते वाद नेमका येथेच सोडवता येतो.

बोगद्यांचा आणि पुलांचा खर्च कधीच झाला. तो आता कोणत्याही तिकिटावर लादण्याचे कारण नाही. उरतो तो देखभालीचा खर्च. रूळ, दरडी, पहारेकरी यांचा खर्च आठवड्यातून दोन गाड्या गेल्या काय आणि रोज एक गेली काय, फारसा बदलत नाही. तो स्थिर खर्च जर पर्यटकांसाठी करायचाच आहे, तर एका डब्याची साधी गाडी रोज सोडण्यास वाढीव खर्च लागेल तो इंधनाचा आणि चालक-गार्डच्या पगाराचा. काचेच्या डब्याच्या भाड्यातून त्याचा काही भाग निघू शकतो. हे केवळ माझे स्वप्न नव्हे. रिगीवरच्या काल्टबाद गावात मोटारी जात नाहीत. तेथील रहिवासी आणि त्यांचा किराणा पर्यटकांच्या त्याच रेल्वेने वर जातो. फार दूर कशाला, माथेरान घ्या. आदमजी पीरभॉय कुटुंबाच्या पैशाने १९०७ साली झालेली ती दोन फुटी रेल्वे मौजेची म्हणून प्रसिद्ध आहे, पण गावात मोटारींना बंदी असल्याने अमन लॉज ते माथेरान ही तिची छोटी फेरी पर्यटकांबरोबर गावकऱ्यांना आणि त्यांच्या सामानालाही नेते.

कोणी म्हणेल, घाटातल्या चार वस्त्यांसाठी एवढा खटाटोप कशाला. पण त्या वस्त्या काढून टाकल्या तर पर्यटकाला कालाकुंडला उतरून पाहायचे काय, आणि पळसाच्या पानावर घ्यायचे काय?

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी एवढेच : इंदूरपर्यंत रेल्वे आहे, तेथून महू आणि पाताळपाणी जवळ. गाडी पावसाळ्यात ठराविक वारीच सुटते, तेव्हा वार आणि वेळ आधी पाहून आरक्षण करावे. उतरताना घाट उजव्या-डाव्या दोन्ही बाजूंना दिसतो, त्यामुळे खिडकीसाठी भांडू नये. आणि कलाकंद परतीच्या गाडीची शिटी होण्याआधी घ्यावा, नंतर गर्दी फार होते.