धनाबरोबर स्वतःचेही दान
फिलाडेल्फियाच्या धनाढ्य बँकरची कन्या कॅथरीन ड्रेक्सेल. १८८५ साली वडील वारले आणि अफाट संपत्तीचे उत्पन्न तिन्ही बहिणींकडे आले. १८८७ मध्ये कॅथरीनने पोप लिओ तेरावे यांच्याकडे अमेरिकेतील आदिवासींसाठी मिशनरी मागितले. तू स्वतःच मिशनरी का होत नाहीस, असे पोपमहाशयांनी विचारले. १८९१ साली तिने धर्मभगिनींचा संघ स्थापन केला. आदिवासी व कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळा काढल्या, न्यू ऑर्लिन्सचे झेवियर विद्यापीठ उभारले. सुमारे २ कोटी डॉलर्स तिने या कार्यात घातले. २००० साली ती संत घोषित झाली.

आपण दानपेटीत पैसे टाकतो, ते चांगलेच. पण गरीब मुलाला आठवड्यातून तासभर शिकवायला आपल्यापैकी कोण जाईल?