कडेला सुटलेला हात

दिवाळी अंकाचा शेवटचा फर्मा दुसऱ्या दिवशी मशीनवर चढायचा होता आणि रात्री साडेनऊला संपादकबाईंचा फोन आला.

"अहो, अनुक्रमणिकेत ११ कथा आहेत. तुम्ही पाठवल्यात त्या १०च."

"अकरावी मीच लावलीय, मॅडम. पाच मिनिटांत पाठवतो," असं छातीठोक सांगून मी 'कथा' फोल्डर उघडला. तिथेही १०च. त्या कथेचा फोल्डर चित्रांसकट नाहीसा. रीसायकल बिन उलटापालटा केला, त्यातही नाही. मी काही पुसलंच नव्हतं, तर तिथे असणार कुठून!

पाच मिनिटांचे पावणेदोन तास झाले. शेवटी कथेचं नाव टाकून अख्ख्या डी ड्राइव्हमध्ये शोध लावला, तेव्हा ती 'जाहिराती'त सापडली. तिथेही आत, 'गेल्या वर्षीच्या'मध्ये. सराफाच्या आणि पैठणीच्या जाहिरातींत ती बिचारी दोन आठवडे पडून होती. त्याआधी तासभर मी फायली तारखेनुसार लावून बघत होतो, कारण वाटलं, हलली असेल तर वर येईल. फाइल नुसती हलवली की 'बदल केल्याची तारीख' बदलत नाही, हे मला त्या रात्री कळलं. हरवलेली फाइल शोधायची तर नावाने शोधा.

ती तिथे गेली कशी, हेही मग आठवलं. कथेचा फोल्डर खिडकीत उजवीकडे होता आणि डावीकडच्या उभ्या यादीत 'कथा' खाली, नजरेआड. मी माउसचं बटण दाबून फोल्डर ओढत यादीच्या खालच्या कडेला नेला. कडेला टेकलं की यादी आपोआप सरकू लागते. सोयच ती, पण तिला लगाम नाही. 'कथा' आला आणि वर निघून गेला. मी वरच्या कडेकडे परतलो, तर यादी उलटी धावली. मध्ये 'जाहिराती'वर क्षणभर थबकलो, तेवढ्यात तो उमलला आणि त्याच्या पोटातले सात-आठ फोल्डर खाली पसरले. ज्यावर नेम धरला होता तो खाली ढकलला गेला आणि माझं बोट सुटलं.

आवाज नाही, विचारणा नाही. एकाच ड्राइव्हमध्ये ओढलेली गोष्ट विंडोज हलवतं. दुसऱ्या ड्राइव्हवर नेली तर प्रत काढतं. आणि एकाच ड्राइव्हमध्ये हलवताना मजकूर जागचा हलतच नाही, फक्त पत्ता बदलतो. म्हणून शेकडो एमबीची चित्रंही डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच जातात. हिरवी पट्टी दिसायलासुद्धा वेळ मिळत नाही.

गंमत अशी की हात रिकामा असताना कड ही पडद्यावरची सगळ्यात सोपी जागा. लक्ष्य जितकं मोठं आणि जवळ तितकं ते लवकर गाठता येतं, हे पॉल फिट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मांडलं. पडद्याच्या कडेला कर्सर अडतोच, त्यामुळे तिथलं बटण चुकवणं कठीण. फाइल मॅनेजरमधल्या यादीची कड मात्र भिंत नव्हे, ती रहाटाची दांडी आहे. धरून राहाल तोवर फिरत राहते. शेजारी दुसरा मॉनिटर जोडला असेल तर मधल्या बाजूला पडद्याचीही भिंत उरत नाही. कर्सर सरळ पलीकडे जातो, हातातल्या फायलीसकट.

आता मी डाव्या बटणाने लांबचं ओढतच नाही. उजवं बटण दाबून ओढलं तर सोडल्यावर छोटी यादी येते: प्रत ठेवू, हलवू, शॉर्टकट करू की राहू दे? ही एक सवय लावलीत तरी माझ्या लेखाचे पैसे वसूल. लांबचा प्रवास असेल तर कंट्रोल-एक्स, मग ठिकाण शांतपणे उघडून कंट्रोल-व्ही. चिकटवेपर्यंत फाइल जागेवरच असते, नुसती फिकट दिसते. किंवा विंडोजची कळ आणि डावा-उजवा बाण वापरून दोन खिडक्या शेजारी लावा, म्हणजे यादी पळवावीच लागणार नाही.

ओढताना यादी सुसाट सुटली तर बटण सोडू नका. ते दाबलेलंच ठेवून एस्केप दाबा, फाइल जागच्या जागी राहते. चुकून सुटलीच तर लगेच कंट्रोल-झेड, पण फाइल मॅनेजरच्या खिडकीत. मी एकदा वर्डमध्ये उभा राहून दाबला आणि टाइप केलेला परिच्छेद घालवला. उद्या बघू म्हणून मशीन बंद केलं तर तोही उपाय गेला.

ज्यांचा हात थरथरतो त्यांनी आणखी जपावं. विंडोजमध्ये बटण दाबून माउस जेमतेम ४ पिक्सेल हलला की ते क्लिक न राहता ओढणं ठरतं.

आणि फोल्डर पोचला असं वाटलं की खिडकीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात आत किती फायली-फोल्डर आहेत तो आकडा असतो, तो वाचा. त्या दोन आठवड्यांत 'कथा' मी निदान वीस वेळा उघडला असेल. कोपऱ्यात दर वेळी १० लिहिलेलं होतं.